एकेरी रुळावरच्या दोन विहिणी

आनेकल हे गाव मी पाहिलेलं नाही. तिथे जायला मात्र मी निघाले होते. बंगळूरहून, सकाळच्या पॅसेंजर गाडीनं, माझ्या विहीणबाईंबरोबर. परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी विचारलं, "काय काय बघितलंत बंगळूरला?" तेव्हा मी आपली लालबाग सांगून मोकळी झाले. खरं तर लालबागेतही मी पाऊल टाकलेलं नाही. मी बघितलं ते शहराबाहेरचं एक लहानसं स्टेशन आणि त्यातला एक सिमेंटचा बाक. बंगळूरला जाणाऱ्यांपैकी कुणी ते मुद्दाम बघायला जाईल असं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मिरज सोडताना

मी भूगोलाची शिक्षिका. नकाशात एकेरी लोहमार्ग कसा दाखवतात आणि दुहेरी कसा, हे निवृत्त होईपर्यंत वर्गावर्गातून शिकवत आले. पण अमुक मार्ग एकेरीच का आणि तमुक दुहेरी का, असं कुणी मला विचारलं नाही आणि मलाही तो प्रश्न कधी पडला नाही. मिरजेच्या माणसाला क्रॉसिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पुण्याला जायचं तर वाटेत कुठल्या तरी स्टेशनात गाडी उभी राहणार, समोरची येऊन जाणार, मग आपली सुटणार. तेवढ्यात डबे उघडायचे, भाकरी-चटणी खायची. आता तिकडे दुसरा रूळ झाला, पण सवय जुनी.

या वेळी मात्र थांबणं सोसवत नव्हतं. माझी एकुलती मुलगी मुग्धा बंगळूरला असते, जावई निखिलही तिथलाच. तिला सहावा महिना होता. बाळंतपणाला म्हणून पुढे जायचं ठरलेलं होतं, चादरी-दुपटी शिवायला घेतली होती, आणि एका सकाळी निखिलचा फोन आला. बाळ पोटातच गेलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आई, तुम्ही या." ह्यांचे गुडघे इतके धरलेले की प्रवास शक्य नव्हता. मी एकटीच निघाले. निघण्यापूर्वी डिंकाचे लाडू केले. बाळ नसलं तरी शरीर बाळंतिणीचंच आहे, असं माझ्या डोक्यात होतं. आणि हाताला काहीतरी काम हवंच होतं.

बेळगावच्या अलीकडे एका लहान स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. खिडकीतून रुईची झुडपं दिसत होती, पलीकडे उसाचा फड. मुलगी तिकडे पडून आहे आणि मी इथे झुडपं मोजत बसलेय, या विचारानं मला रडूच आलं. समोरच्या बाकावरच्या बेळगावच्या बाईंनी काही विचारलं नाही. पुड्यातला खव्याच्या कुंद्याचा मोठा तुकडा कागदावर ठेवून माझ्यापुढे केला. "खावा," म्हणाल्या. मी खाल्ला. तेवढ्यात समोरची गाडी धडधडत निघून गेली आणि आमची हलली. हुबळीच्या पुढे गाडी अशी पळायला लागली की कुणासाठी थांबायचं कारणच उरलं नव्हतं. मला झोप लागली.

इंदिरानगर

इंदिरानगरला आता जिकडेतिकडे कॉफीची दुकानं आणि काचेची ऑफिसं आहेत. त्यातल्या एका आतल्या गल्लीत विहीणबाईंचं, उषाताईंचं, दुमजली घर अजून तसंच उभं आहे. दारात संपिगेचं, म्हणजे आपल्या सोनचाफ्याचं, झाड. खाली त्या, वर निखिल आणि मुग्धा. उषाताईंचं माहेर-सासर दोन्हीकडचं घराणं तीन पिढ्या इथलंच. त्यांच्या मराठीत कानडी 'स्वल्प' आणि 'सरी', म्हणजे थोडं आणि बरं, मिठासारखं मिसळलेलं. मुग्धा त्यांना अम्मा म्हणते. लग्नात मानपानावरून आमचं थोडं बिनसलं होतं. भांडण असं नव्हतं. दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन, तब्येतीची चौकशी, आणि मग दोन्हीकडून शांतता.

मुग्धा भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "आलीस?" लाडवांचा डबा उघडून मी जवळ नेला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले, आणि मी काय करून बसले ते माझ्या लक्षात आलं. बाळंतिणीचे लाडू. डबा स्वयंपाकघरात नेऊन वरच्या फळीवर ठेवला, मागच्या बाजूला.

उषाताईंचं वेगळं चाललं होतं. त्या रोज तिला तेल लावून कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालायच्या, नाचणीची आंबील प्यायला द्यायच्या, सार-भात कालवून समोर धरायच्या. दोन दिवस आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना वाट देत फिरत होतो. तिसऱ्या दिवशी बोलणं निघालंच.

मी म्हटलं, "उषाताई, मी तिला महिनाभर मिरजेला नेते. माहेरी मोकळं वाटेल तिला."

त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विहीणबाई, एवढा प्रवास आत्ता कशाला? डॉक्टर इथे. निखिल इथे. आणि मी कुणी नाही का तिची?"

"तसं कुठे म्हणतेय मी?"

"म्हणत नाही हो, पण तसंच आहे ते."

आमचे आवाज चढले नव्हते, तरी वर ऐकू गेले असावेत. मुग्धा जिन्यात येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खोलीबाहेर आली होती. केस विस्कटलेले, हातानं कठडा धरलेला. म्हणाली, "आई, अम्मा, तुम्ही दोघी उद्या कुठेतरी जा. प्लीज. मला एक दिवस घर रिकामं हवंय. कुणी काही खायला विचारायला नको."

निखिल नेमका ते दोन दिवस ऑफिसच्या कामानं हैदराबादला गेलेला. तिला एकटीला ठेवायला माझं मन घेत नव्हतं. पण उषाताई म्हणाल्या, "सरी. जातो आम्ही." मग माझ्याकडे वळून, "आनेकलला माझी जुनी शेजारीण आहे, गौरम्मा. तिच्या शेतातली नाचणी आणायचीच आहे. तुम्हीही चला."

आनेकलच्या वाटेवर

बैयप्पनहळ्ळी स्टेशन इंदिरानगरहून जवळ. फलाटावर आम्ही दोघी एका बाकावर, मधे दोन पिशव्या. बोलायला विषय नव्हता. एकामागून एक गाड्या येत होत्या आणि जात होत्या, पण आमची नाही. शेवटी मी विचारलं, "या सगळ्या कुठे चालल्यात?"

"के. आर. पुरमकडे. पुढे चेन्नई," उषाताई म्हणाल्या. "इथून दोन वाटा फुटतात. ती सरळ जाते, तिच्यावर जाणाऱ्याला एक रूळ, येणाऱ्याला दुसरा. कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही. आपली उजवीकडे वळते, होसूरला. ती जन्माची एकेरी. आता कुठे दुसरा रूळ टाकतायत, काही तुकडे झाले, काही व्हायचेत."

त्यांचे यजमान रेल्वेत पूल बांधणारे इंजिनिअर होते, हे मला लग्नाच्या वेळी सांगितलेलं होतं. मी विसरले होते.

मी म्हटलं, "आमच्याकडेही किती वर्षं एकेरीच होती. आम्हांला वाटायचं, आमच्या भागाकडे कुणाचं लक्ष नाही."

"यजमान असते तर तुमच्याशी भांडले असते," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "त्यांना लोक हेच म्हणायचे. बाजूला अजून दोन पट्ट्या टाकायला काय लागतं? ते म्हणायचे, पट्ट्या टाकणं स्वल्प काम. खाली भराव लागतो, भरावाला जागा लागते, जागा कुणाच्या तरी शेतातून, कुणाच्या तरी घरातून जाते. वाटेतला प्रत्येक पूल पुन्हा बांधायचा. प्रत्येक फलाट सरकवायचा. सिग्नल सगळे नवे."

"आमच्या आदर्कीच्या घाटात तर बोगदे आहेत."

"मग बोगदाही दुसरा खणायचा. म्हणून आधी बघतात, गाड्या किती आहेत. दिवसाला चार गाड्या जाणाऱ्या वाटेवर दुसरा रूळ टाकला तर तो गंजत पडेल, आणि त्याचीही निगा राखावी लागेल. बंदराकडे, खाणीकडे जाणाऱ्या वाटा आधी दुहेरी झाल्या, कारण मालगाड्या मावेनात. ही होसूरची वाट शेताशेतातून जायची. आता दोन्हीकडे कारखाने, ऑफिसं झाली, माणसं वाढली. आत्ता मावेनाशा झाल्या गाड्या."

एवढं सलग त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, "हे मला शाळेत शिकवताना माहीत असायला हवं होतं."

"मलाही यजमान गेल्यावरच कळलं, की मला एवढं माहिती आहे," त्या म्हणाल्या. "जेवताना पुलाबिलाचंच बोलायचे. मी कंटाळायची. आता आठवतं सगळं."

गाडी आली. खिडकीजवळ जागा मिळाली. शहर संपत नव्हतं. उंच इमारती, मधेच एखादं तळं, इमारतींच्या पायथ्याशी नाचणीचा लहानसा तुकडा, नीलगिरीच्या रांगा. रुळाशेजारी खडीचे ढीग आणि रुळाखाली घालायचे सिमेंटचे स्लीपर रचून ठेवलेले. उषाताईंनी केळीच्या पानात बांधलेलं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, काढलं. मी मेतकूट आणलं होतं. चित्रान्नावर मेतकूट घालून बघा म्हटलं, तर त्यांनी शंकेनं घातलं आणि मग पुन्हा मागून घेतलं.

थोड्या वेळानं गाडी एका लहान स्टेशनात शिरून उभी राहिली.

"क्रॉसिंग," उषाताई म्हणाल्या. "समोरची येईल, फलाटाच्या पलीकडे लागेल, मग आपण. वेळ आहे."

फलाटाच्या टोकाशी एक बाई टोपलीत पेरू घेऊन बसलेली दिसली. मुग्धाला पेरू लहानपणापासून आवडतात, तिखट-मीठ लावून. मी उठले. सुटे पैसे मुठीत घेतले, पर्स आणि फोन उषाताईंजवळ ठेवला. "आलेच."

पेरूवालीला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. बोटांनी दाखवून, दाबून, वास घेऊन मी एकेक निवडत होते. तेवढ्यात पलीकडे दुसरी गाडी येऊन थांबली. माणसं उतरली, चढली. फलाट गजबजला. मग शिट्टी झाली. मी पेरू ओच्यात घेऊन धावले. दोन्ही बाजूंना सारख्याच रंगाचे डबे. एका दारातून एका बाईनं हात पुढे केला, "बन्नी अम्मा, बेगा बन्नी!" म्हणजे या, लवकर या. तिनं मला ओढून वर घेतलं आणि गाडी सुटली.

आपला डबा पुढे असेल म्हणून मी गर्दीतून पुढे सरकत राहिले. उषाताई दिसेनात. एका खिडकीतून सहज बाहेर बघितलं, तर मघाशी आम्ही मागे टाकलेलं तळं पुन्हा दिसत होतं. मागे गेलेली नीलगिरीची रांगही पुन्हा आली. तेव्हा उलगडा झाला. मी बंगळूरकडे चालले होते, आणि उषाताई आनेकलकडे.

मला ओढून घेणाऱ्या त्या बाईनं माझा चेहरा बघितला असणार. शोभा तिचं नाव. आनेकलजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात कामाला, सुट्टी काढून शहरात बहिणीकडे निघालेली. तिला तोडकंमोडकं हिंदी येत होतं. मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला, "अय्यो, मीच ओढलं तुम्हांला!" आणि लगेच स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

फोन हातात घेतला आणि लक्षात आलं, मला उषाताईंचा नंबर पाठ नाही. निखिलचा नाही. ह्यांचासुद्धा नाही. मला जगात एकच नंबर पाठ आहे. मुग्धा कॉलेजला पुण्याला गेली तेव्हा घेतलेला, तोच तिनं अजून ठेवलाय. आणि आजचा दिवस तिला कुणी हाक मारायची नव्हती.

मी फोन परत देऊ लागले. शोभा म्हणाली, "मगळू? लेक आहे ना? लावा."

लावला. वाजत राहिला, बंद झाला. अनोळखी नंबर, ती कशाला उचलेल? पुन्हा लावला. पुन्हा नाही. शोभानं फोन माझ्या हातातून घेऊन तिसऱ्यांदा लावला आणि माझ्या कानाशी धरला.

"हॅलो?"

"मुग्धा, मी बोलतेय."

"आई! कुठे आहेस तू? अम्मांचा चारदा फोन आला. त्या रडतायत. म्हणतात, तुझी आई फलाटावरून नाहीशी झाली."

"मी उलट्या गाडीत चढले गं."

मग तिचा आवाज आला, तो तिचा जुना आवाज होता, घरातल्या सगळ्यांना कामाला लावणारा. "ऐक. घाबरू नकोस. पुढच्या स्टेशनला उतर. अम्मांनाही मी तिथेच यायला सांगते, नाहीतर तुम्ही दिवसभर एकमेकींना ओलांडत बसाल. तिथेच बस. कुठेही जाऊ नकोस. मी येते."

"तू नको येऊस. तुला बरं..."

"आई, मी येतेय." फोन बंद.

शोभानं मुग्धाला पुढच्या स्टेशनाचं नाव फोनवर कळवलं, तिथे मला उतरवलं, पाण्याची तिची बाटलीही दिली. गाडी सुटली तरी ती दारात उभी राहून हातानं खूण करत होती. बसा, तिथेच बसा.

बाक

तो बाक फलाटाच्या मधोमध होता, एका करंजाच्या झाडाखाली. स्टेशनात माणूसबिणूस नाही म्हटलं तरी चालेल. पलीकडे नव्या रुळाचं काम चाललं होतं. खडीचा लांबच लांब बांध आणि त्यावर नुसतेच स्लीपर. जुन्या रुळावरून एक मालगाडी आली आणि तिच्यासाठी कुठली तरी दुसरी गाडी पलीकडे ताटकळत राहिली. मी ओच्यातले पेरू बाकावर काढून ठेवले आणि हात मांडीवर घेऊन बसले. वाटत होतं, मी तिची सेवा करायला आले आणि तिलाच कामाला लावलं. पडलेल्या मुलीला अंथरुणातून उठवलं. रिक्षातून एवढ्या रहदारीतून ती कशी येईल? मधेच चक्कर आली तर?

ती आली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. निखिलचा ढगळ शर्ट, त्याच्यावर माझीच शाल, केस कसेतरी बांधलेले. पुलाच्या पायऱ्या एकेक करत उतरत होती. मी धावत गेले. मला वाटलं ती रागावेल, आणि ती रागावलीच.

"फोन ठेवून जायचं असतं का कुठे? पासष्टीला आलीस तू!"

"पेरू घ्यायला गेले होते."

"पेरू?"

"तुझ्यासाठी."

ती बाकावरच्या पेरूंकडे बघत राहिली. मग एकदम हसायला लागली. हसता हसता पोट धरून बाकावर बसली, दुखत असणार तिला, तरी हसत होती. मीही हसले. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि आम्ही तशाच बसलो.

उषाताईंना यायला वेळ लागला. तिकडून परतीची गाडी लवकर नव्हती, एकेरी मार्गावर ती सुटणार कधी याची खात्री नव्हती, म्हणून त्या बस पकडून, मग रिक्षा करून आल्या. दोन्ही खांद्यांना एकेक पर्स, पदर सुटलेला, चेहरा धुळीनं माखलेला. मला बघितलं आणि उभ्या जागी रडायला लागल्या.

"मी म्हटलं ना वेळ आहे! मीच सांगितलं! तुम्हांला काही झालं असतं तर मी या पोरीला काय तोंड दाखवलं असतं, सुनीता?"

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांना हाताला धरून बसवलं. मुग्धा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. शोभाच्या बाटलीतलं पाणी तिघींनी प्यायलं. शहराकडची गाडी कुठेतरी क्रॉसिंगला थांबली होती, उशीर होणार होता. घाई कुणालाच नव्हती.

मुग्धानं पेरू उचलला, शर्टाला पुसला आणि तसाच चावून खाल्ला. आम्ही दोघींनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. अर्धा खाऊन झाल्यावर ती समोरच्या स्लीपरांकडे बघत म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्यासाठी किती करताय, मला कळतं. लाडू, आंबील, सगळं. पण कुणी मला तिच्याबद्दल विचारलंच नाही."

बाळाचं बोलून मुग्धाला दुखवायला नको, म्हणून घरात आम्ही सगळ्यांनी ते बोलणंच टाळलं होतं. फोनवर ह्यांनीसुद्धा.

मी काही म्हणायच्या आत उषाताईंनी विचारलं, अगदी हळू, "बघितलंस तू तिला?"

"हो. नर्सनं विचारलं, बघायचंय का? निखिलला भीती वाटत होती. मी म्हटलं, द्या. थोडा वेळ दिली माझ्याकडे. एवढीशी." तिनं दोन्ही तळवे जवळ आणून दाखवले. "झोपल्यासारखी होती. अंगावर लव होती, मऊ. नाक तुमचं होतं, अम्मा. इथे असं थोडं वर."

उषाताईंचा हात त्यांच्या नाकाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आणि बोटं?" मी विचारलं.

"बोटं तुझी. लांब लांब. नखंसुद्धा आली होती गं आई. कुणाला सांगू मी हे? निखिलशी बोलायला गेलं की तो रडतो, मग मी थांबते."

"आम्हांला सांग," उषाताई म्हणाल्या. "सगळं सांग. आम्ही बसलोय."

आणि तिनं सांगितलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला न थांबता, कधी सलग, कधी तुटक, पुन्हा पुन्हा तेच. रात्री पोटात कशी लाथ मारायची, गाणं लावलं की कशी शांत व्हायची, शेवटचं कधी हलली ते तिला कसं कळलंच नाही. मधे उषाताईंनी त्यांचं सांगितलं. निखिलच्या आधी त्यांचंही एक गेलं होतं, आणि त्यांच्या सासूबाईंनी त्या दिवसापासून त्याचा उल्लेख करू दिला नव्हता. हे त्या निखिललाही कधी बोलल्या नव्हत्या. मुग्धानं त्यांचा हात हातात घेतला.

मी विचारलं, "नाव ठेवलं होतंत?"

"ठेवलंय," ती म्हणाली आणि तिनं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. उषाताईंनी एकदा म्हणून बघितलं, मग मी.

शहराकडची गाडी आली, थोडा वेळ थांबली आणि गेली. आम्ही चढलो नाही. पुढच्या गाडीनं गेलो.

पुन्हा मिरज

त्यानंतर मुग्धा काही लगेच बरी झाली असं नाही. काही दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड करून गेले. पण जेवायला ती खाली यायला लागली. आणि एकदा कॉफी पिताना तिनं निकाल दिला. ती मिरजेला येणार नव्हती. तिला आणि निखिलला त्या घरात थोडे दिवस दोघांनीच राहायचं होतं. "आई, तू अम्मांना घेऊन जा. त्या बंगळूर सोडून कुठे गेल्याच नाहीत, निखिलचे बाबा गेल्यापासून."

उषाताईंनी आधी नाही म्हटलं, नंतर बॅग भरली. परतीच्या वाटेवर खिडकीला नाक लावून त्या कुठे एक रूळ, कुठे दोन हे मला दाखवत होत्या. कृष्णेच्या पुलावर गाडी आली तेव्हा हात जोडून बराच वेळ बसल्या. इकडे येऊन आता महिना होत आला. ह्यांच्याशी त्यांचं गोडा मसाला आणि सांबार मसाल्यावरून रोज वाजतं, आणि ह्यांना ते आवडतं.

काल दुपारी मुग्धाचा फोन आला. ती म्हणाली, "निखिलनं हौसेनं आणलेले कपडे आहेत ना छोटे, ते आज काढलेत मी. घड्या घालून ठेवून देणार आहे. बोलू नका काही. फक्त फोनवर राहा."

मी आणि उषाताई फोन मधे ठेवून जेवणघरातल्या पाटांवर बसलो. पलीकडून कपडा झटकल्याचा आवाज येत होता, मग शांतता, मग पुन्हा झटकल्याचा. मधेच निखिलचा आवाज आला, "हे मी करू?" आणि ती म्हणाली, "कर." उषाताईंनी माझा हात धरून ठेवला होता. शेवटी कपाटाचं दार लागलं.

"झालं," मुग्धा म्हणाली. "जेवलात का दोघी?"